गावकीची खोली

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बहुतेक गावांत प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात किंवा ग्रामदेवतेच्या सभामंडपात एक संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली आढळते. तिच्यावर देणगीदारांची नावे असतात आणि त्याखाली, कधी सर्वांत वर, ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असा उल्लेख असतो. विहीर बांधली, शाळेला पत्रे घातले, देवळाचा जीर्णोद्धार केला, पायवाटेचा रस्ता केला. पाटीवरचा मजकूर बदलतो, मंडळ तेच. हे मंडळ मुंबईत नेमके कुठे बसत असे, याचे उत्तर मात्र पाटीवर नसते. ते परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी किंवा नायगावच्या एखाद्या चाळीतील एकाच खोलीत बसत असे. तिला कुणी ‘गावकीची खोली’ म्हणे, कुणी ‘बैठकीची खोली’, तर कुणी नुसताच ‘गाळा’.

क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिमखान्याची हिरवळ आणि पत्त्यांची टेबले येतात. गिरणी कामगाराचा क्लब असा नव्हता. पण सभासदत्व, वर्गणी, पदाधिकारी, नियम, सभा, करमणूक आणि अडीअडचणीला मदत ही क्लबची लक्षणे मानली, तर मालवणी मुलखातील कष्टकऱ्यांचा अस्सल क्लब ही खोलीच होती. आज तिची चर्चा करण्याचे कारण स्मरणरंजन नव्हे. ज्या चाळींत या खोल्या होत्या त्या पाडून तिथे मनोरे उभे राहात आहेत, आणि खोली कुणाची हा प्रश्न शंभर वर्षांत प्रथमच कागदावर विचारला जात आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या पन्नास वर्षांत या धंद्याने कोकणातील तरुण अक्षरशः ओढून घेतले. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ला हा आजच्या सिंधुदुर्गातील किनाराही होता. सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी, म्हणजे गिरणगावाच्या शेवटच्या मोठ्या संपाच्या जेमतेम आठ महिने आधी. डोंगरउताराची तुटपुंजी भातशेती, खोताचा वाटा आणि वाढते कुटुंब यांचा मेळ घालायला रोख पैसा लागे. तो मुंबईतून मनिऑर्डरने येई. किनाऱ्यावरच्या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठायची आणि धक्क्यावर उतरले की गावच्या खोलीचा पत्ता विचारायचा, असा शिरस्ता होता. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे त्या चार महिन्यांत मुंबईत अडकलेल्या माणसाला खोली हाच गाव.

खोली ती केवढी? सरकारी चाळींचे मोजमाप उपलब्ध आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२० ते १९२५ च्या सुमारास कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. खासगी चाळींतील खोल्या याहून मोठ्या नव्हत्या, पुष्कळदा लहानच असत. एवढ्या जागेत एका कुटुंबाने राहावे अशी बांधणाऱ्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात गावकीच्या खोलीत दहा-पंधरापासून वीस-पंचवीसपर्यंत पुरुष राहात.

हे शक्य झाले ते गिरणीच्या पाळ्यांमुळे. दिवसपाळीचे कामगार बाहेर पडत तेव्हा रात्रपाळीचे परतत; जमिनीचा एकच तुकडा दोघांच्या वळकटीला पुरे. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या आणि वर दोऱ्यांवर कपडे. प्रत्येकाची मालकी ट्रंकेपुरती. उरलेले सारे सामाईक. आत जागा नसेल त्याने गॅलरीत पथारी टाकायची, तिथेही नसेल तर फुटपाथवर. जेवण खोलीत क्वचितच शिजे. ते जवळच्या खानावळवालीकडे होई. ही बाई बहुधा एखाद्या कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. महिन्याच्या बोलीवर ती दहा-वीस जणांना दोन वेळ जेवू घाली, तेही पुष्कळदा उधारीवर. पुरुषांच्या या क्लबचा संसार अशा ज्या बायकांच्या चुलीवर चालला, त्यांची संघटना व्हायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी चौदा खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले.

खोलीचा कारभार कौतुक वाटावे इतका चोख असे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असत. नसतील तिथे ‘पंच’ असत. दरमहा ठरलेली वर्गणी. तिच्यातून भाडे आणि दिवाबत्ती. उरलेली रक्कम शिलकीत. नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत वर्गणी माफ, हा अनेक ठिकाणचा अलिखित नियम. ही नोकरीही खोलीतूनच लागे. गिरणीत भरती करणारा जॉबर गावचा किंवा शेजारच्या गावचा निघाला, की मुलगा प्रथम ‘बदली’वर आणि मग कायम. आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेणे, मेलेल्याच्या घरी तार करणे आणि क्रियाकर्माचा खर्च उचलणे हीसुद्धा मंडळाची कामे. गावात दोन भावांत बांधावरून तंटा झाला, तर त्याची सुनावणी कधीकधी परळच्या खोलीत होई, कारण मनिऑर्डर जिथून निघते तिथे शब्दाला वजन जास्त.

भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, कोनाड्यात टाळ, खुंटीला पखवाज. शनिवारी रात्री भजन. काही मंडळांनी कबड्डीचे संघ उभे केले, काहींनी नाटके बसवली. गावच्या जत्रेची बातमी आधी खोलीत येई आणि मग रजेचे अर्ज लिहिले जात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथल्या जत्रेची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते. त्यामुळे तारीख जाहीर होणे ही मुंबईतल्या मालवणी माणसाच्या दृष्टीने आजही बातमी असते. गावचे पत्र येऊन ही तारीख कळण्याची जागा एकेकाळी खोली हीच होती.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. खोली गावची, पण गाव म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी ‘गाव’ याचा अर्थ एक वाडी, एक भावकी किंवा एक जात एवढाच होता. मराठ्यांची खोली वेगळी, भंडाऱ्यांची वेगळी, गाबितांची वेगळी. त्याच गावातून, त्याच बोटीने आलेल्या महार कामगाराला या खोल्यांत ट्रंक ठेवायला जागा नव्हती; त्याच्या खोल्या निराळ्या चाळींत. गिरणीतही विणकाम खात्यात त्याला प्रवेश नसे. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि शिवाशिवीचे निमित्त पुढे केले जाई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला होता. खोलीने माणसाला शहरात बुडू दिले नाही हे खरे, पण तिने गावाच्या सीमाही तशाच जपल्या.

या सीमांपलीकडे कामगारांना एकत्र बसवण्याचा प्रयत्न झाला तो दुसऱ्या बाजूने, सुधारकांकडून. त्याची प्रेरणा समजून घ्यायला थोडे बाहेर डोकवावे लागेल. इंग्लंडात १८६२ मध्ये हेन्री सॉली या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने कामगार क्लबांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. कामगाराने दारूच्या गुत्त्याऐवजी क्लबात यावे, वाचावे, व्याख्याने ऐकावीत, असा सॉली यांचा हेतू. कामगार आले, पण त्यांनी क्लबात बिअरही आणली आणि १८८० च्या दशकात कारभारही आपल्याकडे घेतला. देणाऱ्याची कल्पना आणि घेणाऱ्याची गरज यांतली ही ओढाताण पुढे मुंबईतही दिसते, फक्त इथे ती बिअरवरून नव्हे, नाटकावरून झाली.

मुंबईत हे काम उचलले नारायण मल्हार जोशी यांनी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य असलेल्या जोशींनी १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ ही संस्था काढली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, सहकारी पतपेढ्या आणि गिरणी कामगारांसाठी केंद्रे असा तिचा व्याप. आयटक या कामगार महासंघाच्या १९२० मधील स्थापनेतही जोशींचा मोठा वाटा होता. डिलाईल रोडला त्यांचे नाव दिले गेले ते याच कार्यामुळे. लीगचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे परळचा दामोदर हॉल. १९२२ मध्ये उभ्या राहिलेल्या या वास्तूचे पूर्ण नाव ‘दामोदर ठाकरसी मूळजी हॉल’. गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील हे दामोदर म्हणजे सर विठ्ठलदास यांचे वडील. विठ्ठलदासांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव महिला विद्यापीठाला आहे. पत्नीच्या नावाने विद्यापीठ आणि पतीच्या नावाने कामगारांचे सभागृह, हा योग शहराच्या इतिहासात विरळाच. कामगारांच्या घामावर उभ्या राहिलेल्या संपत्तीतील काही भाग तरी त्यांच्याकडे परतला, असे म्हणणारे म्हणोत.

हॉलचे दार गाव विचारत नसे, हे त्याचे वेगळेपण. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाच्या संघटनेचा विचार करण्यासाठी बैठक बोलावली ती याच हॉलमध्ये. त्यातून त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेबांचे कार्यालयही काही काळ इथेच होते. स्वतः ते तेव्हा परळच्याच एका चाळीत राहात. ज्या कामगाराला गावकीच्या खोलीत जागा नव्हती, त्याला सभा घ्यायला जागा मिळाली ती इथे.

आणि नाटक? लीगला कामगारांना सुजाण करायचे होते. कामगाराला दिवसभराच्या कामानंतर हसायचे होते, गाणे ऐकायचे होते, गावाची बोली कानी पडावी असे वाटत होते. शेवटी दोन्ही झाले. सहकारी मनोरंजन मंडळासारखी कामगारांची नाट्यसंस्था या वास्तूच्या आश्रयाने वाढली आणि सभागृहाचे ‘दामोदर नाट्यगृह’ झाले. कोकणचे नमन आणि शक्ती-तुरा इथे रंगले, मालवणी नाटके रंगली. गावकीच्या खोलीत तालीम करायची आणि तिकीट लावून हॉलमध्ये प्रयोग करायचा, नफा गावच्या शाळेला, असा हा व्यवहार. शाळेतील त्या संगमरवरी पाटीवरचा पैसा अनेकदा अशा एका रात्रीच्या प्रयोगातून उभा राहिलेला असे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकाची फटफजिती सांगते. १९८० पासून मच्छिंद्र कांबळी यांनी ते व्यावसायिक रंगभूमीवर गाजवले. त्याला जो प्रेक्षक मिळाला, तो अशा खोल्यांनी आणि सभागृहांनी घडवलेला होता. तात्या सरपंचाला हसणाऱ्या अनेकांनी तशी तालीम आपल्याच खोलीत पाहिलेली होती.

खोलीची ही पद्धत एकट्या मालवणी माणसाची नव्हे, हेही सांगायला हवे. धोबी तलाव आणि माझगाव परिसरात गोव्याच्या दर्यावर्दींचे ‘कूड’ होते, काही आजही आहेत. कोंकणीत कूड म्हणजे खोलीच. इंग्रजीत त्यांना सरळ ‘क्लब’ म्हणत. प्रत्येक गावाचा कूड वेगळा, भिंतीशी गावच्या संताची वेदी, संध्याकाळी प्रार्थना, आणि जहाजावर नोकरी मिळेपर्यंत स्वस्तात मुक्काम. तिकडे टाळ-पखवाजाच्या जागी लदीन, एवढाच फरक. दोघांचे मूळ एकच: शहराने मजूर हवा म्हणून बोलावले, पण त्याच्या राहण्याची सोय केली नाही. ती गावाने केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. अशा वेळी खोली दोन प्रकारे उपयोगी पडे. वर्गणी थकली तरी कुणाला बाहेर काढले जात नसे, आणि संप लांबला तर गावाकडे जाऊन राहता येई, कारण ट्रंक सुरक्षित आहे हा भरवसा असे. १९२८ मध्ये हाच भरवसा कामी आला होता. १९८२ मध्ये मात्र गावी गेलेले अनेक जण परतलेच नाहीत. ट्रंका राहिल्या, माणसे नाहीत. पुढे काही खोल्यांत गावची शिकणारी मुले आली, काहींत सुरक्षारक्षक आणि कुरिअरवाले. काही खोल्यांत एकाच सभासदाचे कुटुंब हळूहळू स्थिरावले. कुणाला ते गैर वाटले नाही. भाडे भरायला कुणीतरी हवेच होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि सकाळी निघून संध्याकाळपर्यंत गावी पोचता येऊ लागले, तशी मुक्कामाची गरजही उतरली.

आजचा प्रश्न इथून सुरू होतो. भाडेपावती फाडताना कुणा एकाचे नाव लागे: जो लिहिता-वाचता होता, ज्याची नोकरी कायम होती त्याचे. बाकीच्यांचा हक्क वहीत आणि शब्दात. जोपर्यंत खोलीची किंमत महिन्याच्या भाड्याएवढी होती, तोवर हा शब्द टिकला. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. वरळीतील कामाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा देण्यात आला. परळ-वरळीत एवढ्या घराची किंमत कोटींच्या घरात जाते. मग ज्याचे नाव पावतीवर, त्याच्या नातवाला ते घर आपले वाटते; आणि ज्यांच्या आजोबांनी तीस वर्षे वर्गणी भरली, त्यांना ते गावाचे वाटते. दोघेही खोटे बोलत नाहीत, हीच अडचण आहे.

कायद्याची मांडणी या बाबतीत सरळ आहे आणि गावाला प्रतिकूलही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना भाडेकरू मानतो. त्यात वाडी, भावकी किंवा ग्रामस्थ यांना स्थान नाही. सरकारी मालकीच्या बीडीडी चाळी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे सरकारी नोंद आणि पात्रता यादी प्रमाण. दोन्हीकडे विचार होतो तो नोंदलेल्या भाडेकरूचा. ज्या मंडळांनी वेळीच संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करून पावती मंडळाच्या नावाने घेतली, त्यांची बाजू भक्कम. बाकीच्यांकडे असतात त्या जुन्या हिशेबवह्या, सभांची इतिवृत्ते आणि सभासदांच्या सह्या. अशा वह्या पुरावा म्हणून निर्णायक ठरतील असे नाही, पण समझोत्याच्या बैठकीत त्यांना किंमत असते. त्या रद्दीत जाऊ नयेत एवढे तरी मंडळांनी पाहावे. मालवणी माणसाच्या शहरी इतिहासाचे इतके अस्सल दप्तर अन्यत्र क्वचितच असेल, आणि इमारत रिकामी करताना सर्वांत आधी फेकले जाते ते हेच.

हॉलची कथा याहून वेगळी नाही. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. मालकी संस्थेची, त्याबद्दल वाद नव्हता. पण शंभर वर्षे तिथे प्रयोग करणाऱ्या आणि पाहणाऱ्यांचा त्या जागेवर काही हक्क आहे की नाही, यावर रंगकर्मी रस्त्यावर उतरले. नाट्यगृह त्याच जागी, आधीइतकेच मोठे व्हावे अशी त्यांची मागणी होती, आणि विषय विधिमंडळापर्यंत पोचला. खोलीत पावतीवरचा एक आणि वर्गणी भरणारे पंचवीस. हॉलमध्ये मालक एक आणि प्रेक्षक लाखो. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे.

गावाकडे या तंट्यांचे पडसाद आता उमटू लागले आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा जत्रेला मुंबईकर जमले की ‘खोलीचा काय झाला?’ हा प्रश्न देवळाच्या ओट्यावर निघतो. काहींना वाटते, खोलीच्या बदल्यात मिळणारी सदनिका मंडळाने ठेवावी आणि शिकायला किंवा उपचाराला येणाऱ्या गावकऱ्यांना ती मुक्कामाला द्यावी. टाटा किंवा केईएम रुग्णालयात रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांना परळच्या फुटपाथवर रात्र काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सूचनेचे मोल सांगायला नको. काहींना ती विकून गावी सभागृह बांधावेसे वाटते. तर ज्याच्या नावावर पावती आहे तो बहुधा सभेलाच येत नाही.